आत्याबाईंच्या हातचं मीठ

आमच्या भिसेगावच्या घरात स्वयंपाक चाखून बघायची सोय नव्हती. नैवेद्य दाखवायच्या आधी पळीतला थेंब जिभेवर ठेवला तर सगळा स्वयंपाक उष्टा झाला, असा आत्याबाईंचा नियम, आणि त्यांच्या नियमावर घरात अपील नव्हतं. त्यामुळे मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजाने. पाच माणसांची आमटी असो की पन्नास पानांची, त्या मिठाच्या गाडग्यात हात घालत, मुठीतले खडे बोटांनी एकदा चाळवत आणि पातेल्यात सोडत. दुसऱ्यांदा हात गाडग्यात जात नसे. जेवताना कुणी वरून मीठ मागून घेतलं असं मी लग्न होऊन आल्यापासून बारा-तेरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या आणि सासरे माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी गेले. घरात राहिलो आम्ही दोघं, आमच्या दोन मुली आणि आत्याबाई. हे कर्जतच्या शाळेत मास्तर होते. सकाळी आंघोळ, संध्या उरकून रूळ ओलांडून शाळेत जात आणि दुपारी जेवायला येत ते पायांत धूळ आणि तोंडात पाढे घेऊनच. ह्यांची आई गेल्यापासून ह्यांना आत्याबाईंनीच वाढवलं होतं, म्हणून मास्तर झाले तरी आत्याबाईंपुढे ह्यांचा आवाज खालच्या पट्टीतला असे.

माझा तसा नसे. मी बडबडी, उतावळी आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूष. ह्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे तर कानात वारं शिरल्यासारखं झालं होतं. आत्याबाईंशी माझी दिवसातून दोन-तीनदा तरी जुंपायची. धुणं कुठे वाळत घालायचं, मुलींना परकर शिवायचा की विकत आणायचा, असले विषय. पण चुलीपाशी मी गप्प असायची, कारण तिथे मला काही येत नव्हतं आणि त्यांना सगळं येत होतं, हे इतकं उघड होतं की भांडायला जागाच नव्हती. मी वाटायचं, चिरायचं, निवडायचं. शिजवायचं त्यांनी.

त्यांची हकिगत चार ओळींची आहे. आठव्या वर्षी खालापूरच्या घरी लग्न. नवरा पंधरा वर्षांचा. अकराव्या वर्षी तो तापाने गेला. त्यानंतर त्या माहेरी आल्या आणि पुढच्या गोष्टी त्या काळी जशा होत तशाच झाल्या. त्या लिहायला बसले की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहीत नाही. मी त्यांना पाहिलं ते तांबडं अलवण नेसलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, ताठ पाठीच्या बाई म्हणूनच.

खालापूरशी त्यांचा संबंध उरला होता तो वर्षातून एका दिवसापुरता. मार्गशीर्षात त्यांच्या यजमानांची तिथी असे. पोटी मूल नव्हतं, म्हणून दिराचा मुलगा श्राद्ध चालवीत असे, आणि श्राद्धाचा स्वयंपाक आत्याबाई करीत. हे त्यांच्या सासूने मरण्यापूर्वी ठरवून दिलं होतं. ‘त्याचं एवढं तरी तुझ्या हातून होऊ दे,’ असं म्हातारी म्हणाली होती म्हणे. तेव्हापासून आत्याबाई तिथीच्या आदल्या दिवशी गाडीने जात, तिथीला रांधत आणि तिसऱ्या दिवशी परत येत. खालापूरला आगगाडीने खोपोलीपर्यंत जाता आलं असतं, पण आगगाडीत कोण कुणाला शिवतं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोचल्यावर स्नान करायचंच आहे, मग बैलगाडी काय आणि आगगाडी काय, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, “मग तू आगगाडीने जा. बैल तरी हलके होतील.”

त्या एका दिवसाची तयारी आठ दिवस चाले. उडीद निवडून, धुऊन, वाळवून पिशवीत भरायचे. खिरीला पोशीरचेच तांदूळ, कारण खालापूरचे तांदूळ खिरीला जाड पडतात हा त्यांचा जुना सिद्धांत. एरवी वर्षभर त्या आमच्या घरी भावाच्या आश्रयाला आणि मग भाच्याच्या आश्रयाला राहिल्या. त्यांना कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण त्या स्वतः विसरल्या नव्हत्या. त्या एका दिवशी मात्र त्या खालापूरच्या घरच्या असत. तिथल्या चुलीपुढे त्यांना ‘इकडे व्हा’ म्हणणारं कुणी नव्हतं. परत आल्यावर पुढचे काही दिवस त्यांचा आवाजही मोठा निघे, आणि आमची भांडणंही त्या दिवसांत जास्त रंगत.

साठी उलटून गेल्यावर त्यांना विसर पडायला लागला. आधी बारीकसारीक. अमसुलं कुठे ठेवली, मुलींना तेल लावलं की नाही. एके दिवशी आमटी अळणी झाली. हे हसत म्हणाले, “आत्या, आज मीठ उपासाला गेलं वाटतं.” त्याही हसल्या. पुढच्या आठवड्यात भोपळ्याची भाजी खारट झाली तेव्हा हे काही बोलले नाहीत आणि त्या हसल्या नाहीत. जेवून झाल्यावर किती तरी वेळ त्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत बसल्या होत्या.

डोंगराकडच्या वाडीवरची एक ठाकरीण आमच्याकडे पत्रावळीची पानं आणि लाकडं घेऊन यायची. तिच्याशी माझं बरं जमायचं. अंगणात पानं मोजून घेताना मी तिला हे सांगितलं, तर तिला त्यात काही विशेषच वाटलं नाही. म्हणाली, “आमची म्हातारी बी इसरते गं बाय. मंग आमी तिला इचारताव, मीठ टाकलंस का गं? ती म्हनते ठावं नाय. मंग आमी चाखून बघताव. त्यात काय हाय?”

“आमच्यात चाखत नाहीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग तुमचं आवघड हाय,” आणि लाकडाची मोळी उतरवायला गेली.

अवघड होतं हे खरं, पण मी हुशार होते ना. मी युक्ती काढली. रोज सकाळी आंघोळ करून सोवळ्याने स्वयंपाकघरात गेले की गाडगं फळीवर उंच ठेवायचं आणि त्या दिवसाच्या आमटीला, भाजीला लागेल तेवढंच मीठ दोन वाट्यांत काढून चुलीजवळ मांडायचं. वाटी भरलेली तर मीठ घालायचं राहिलं. वाटी रिकामी तर घातलं. किती काढायचं हे मी त्यांच्याच मुठीवरून शिकले; आठ दिवस त्यांनी मूठ सोडायच्या आधी ‘थांबा, डोळ्यात काही गेलं’ असल्या सबबी सांगून ती नीट बघून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी वाट्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. वाटीतलं मीठ मुठीत घेऊन, बोटांनी चाळवून, पातेल्यात सोडलं. वर्षभर घरात पुन्हा काही खारट झालं नाही की अळणी झालं नाही. मी ह्यांना सगळी युक्ती खुलवून सांगितली. हे म्हणाले, “शाळेत एक जागा रिकामी आहे, येतेस?” मला ते खरंच वाटलं थोडा वेळ.

पण खालापूरला आमच्या आधीच बातमी होती. मागल्या वर्षीच्या श्राद्धाला खिरीत गूळ पडला नव्हता. कार्तिकात पुतण्यांचं पत्र आलं. पुतणे म्हणजे तेच, श्राद्ध चालवणारे. भला माणूस, कधी कुणाला दुखवून बोलायचे नाहीत. त्यांनी लिहिलं होतं की काकूंचं आता वय झालं, त्यांना एवढा दगदगीचा स्वयंपाक सांगणं बरं दिसत नाही, पेणच्या बाजूची एक सोवळी बाई मिळते आहे, तरी काकूंनी यंदा नुसतं यावं. ह्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. आत्याबाई वाती वळत होत्या. त्या वळतच राहिल्या, पण वात काही होईना, कापूस नुसता बोटांत फिरत होता.

“त्यांना लिही,” त्या ह्यांना म्हणाल्या, “एवढं वर्ष मला करू दे. पुन्हा काही चुकलं तर मी आपण होऊन सोडीन. तुम्हाला सांगावं लागणार नाही.”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “लिहा. मी जाते बरोबर. काही चुकणार नाही.” इतक्या खात्रीने म्हटलं की ह्यांनी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं.

दहिवलीहून बैलगाडी सांगितली होती. मुलींना ह्यांच्यावर सोपवून आम्ही पहाटे निघालो. भात कापून झालेलं होतं आणि शेतांतून खळ्यांवर झोडणी चालू होती. आत्याबाई तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाडीत ठेवा म्हटलं तरी ठेवीनात. पाताळगंगेच्या काठी बैलांना पाणी दाखवलं, तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. “वाट्या आणल्यास का?” त्या युक्तीबद्दल त्या वर्षभरात पहिल्यांदाच बोलल्या. मी म्हटलं, आणल्या. त्यांनी मान हलवली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की मी उगीचच गाडीवानावर ओरडले, हळू हाक म्हणून. गाडी उभीच होती.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी स्नान करून आम्ही दोघी सोवळ्याने आत शिरलो. खालापूरचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला, लांबट आणि काळोखी. पुतण्याची बायको दूध, भाज्या, लाकडं सगळं दारापर्यंत आणून ठेवी आणि बाहेरच्या कामाला जाई; त्या दिवशी आत राज्य आत्याबाईंचं. मी घरून आणलेलं मीठ भरून आठ वाट्या चुलीच्या उजव्या हाताला ओळीने मांडल्या, प्रत्येक पदार्थाची एक. आत्याबाई कामाला लागल्या आणि मी नुसती बघत राहिले. त्यांची पाठ पुन्हा पहिल्यासारखी ताठ झाली होती. कढी झाली. भोपळा झाला, कारली झाली, अमसुलाची चटणी झाली. एकेक वाटी रिकामी होत गेली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत गेले. खिरीत तर गूळ घालताना त्यांनी माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने सांगितलं, “हा बघ, घातला.”

आमटीचं पातेलं मोठं होतं, वीस पानांचं. ते उकळत असताना मागच्या दाराशी केळीची पानं आली, ती न शिवता कुठे ठेवायची ते सांगायला मी उठले. फार वेळ गेले नाही. पानं फाटकी निघाली म्हणून दोन शब्द बोलले, तेवढंच. परत आले तर आत्याबाई पातेल्यापुढे उभ्या होत्या. हात अर्धवट पुढे केलेला.

“घातलं का गं मी मीठ आमटीत?”

त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी ओळीकडे पाहिलं. आमटीची वाटी काठोकाठ भरलेली होती.

“नाही घातलं,” मी म्हटलं.

“मला वाटतं घातलं.”

“वाटी भरलेली आहे, आत्याबाई.”

त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मग वाटी उचलली, मीठ मुठीत घेतलं आणि पातेल्यात सोडलं. या वेळी त्यांनी बोटांनी खडे चाळवले नाहीत.

चूक कुठे झाली ते मला तासाभराने कळलं. चुलीच्या डाव्या अंगाला, भिंतीतल्या कोनाड्यात, त्या घरचं मिठाचं गाडगं होतं. आमच्या घरचं मी फळीवर चढवून ठेवत असे. इथलं उतरवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं दर तिथीला आत्याबाई त्या चुलीपुढे त्या कोनाड्यात हात घालत आल्या होत्या. मी पानांपाशी तोंड चालवत होते, तेव्हा त्यांच्या हाताने वाटीबिटी काही न बघता आपला नेहमीचा रस्ता धरला होता. भांडी आवरताना मला त्या गाडग्यावरचं झाकण बाजूला पडलेलं आणि खाली चार खडे सांडलेले दिसले. त्या वेळी बाहेर ब्राह्मण जेवायला बसलेले होते.

श्राद्धाच्या ब्राह्मणांनी जेवताना बोलायचं नसतं. अन्न चांगलं आहे की वाईट हे तर मुळीच म्हणायचं नसतं. काय हवं ते हाताने खुणावायचं. मी दाराच्या फटीतून बघत होते. तिघांपैकी सर्वांत म्हाताऱ्या गुरुजींनी आमटीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात पानावर जरा थांबला. मग त्यांनी भाताची खूण केली. पुन्हा भाताची खूण केली. पाण्याचं भांडं दोनदा रिकामं झालं. दुसऱ्यांनी खीर आणि आमटी एकत्र कालवली, जे मी जन्मात कुणाला करताना पाहिलं नव्हतं. पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी पुतण्यांनी विधीप्रमाणे तृप्त झालात ना, असं विचारलं, आणि तिघांनी ठरलेलं उत्तर दिलं की तृप्त झालो. मला दाराआड उभं राहून हसूही आलं आणि भीतीही वाटली.

पुरुषांची पंगत झाली. पुतण्यांनीही पाण्याचं भांडं दोनदा मागून घेतलं. मग आम्ही बायका बसलो. आत्याबाई जरा अंतरावर, सोवळ्याने. पुतण्याची बायको सकाळपासून उपाशी होती, तिने भात कालवून मोठा घास घेतला आणि तिचं तोंडच वाकडं झालं.

“मीठ दोनदा पडलंय,” ती म्हणाली. रागाने नाही, जे आहे ते म्हणाली.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळून ‘माझ्यामुळे पडलं’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी तो घास चावत राहिले. चावून चावून त्याचं पाणी झालं तरी चावत राहिले. आपली युक्ती, आपली हुशारी, ह्यांना लिहायला लावलेलं पत्र, सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

“माझ्याच हातून झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “हात थकला आता.”

त्यांनी पानातली सगळी आमटी संपवली. वर मागून घेतली नाही, पण सोडलीही नाही.

थोड्या वेळाने पुतणे दाराशी आले. फार मऊपणाने म्हणाले, “काकू, पुढल्या वर्षीपासून तुम्ही नुसत्या या. तुम्ही आलात हेच पुष्कळ.” आत्याबाई म्हणाल्या, “मी म्हटलं होतं ना, सांगावं लागणार नाही. तुम्ही सांगितलंतच.” आणि हसल्या. मी तेव्हाही मूग गिळून बसले होते.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. तांदळाची रिकामी पिशवी त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवली होती. शेवटी मीच म्हटलं, “खोटं का बोललात?”

“खोटं कुठे? दोन्ही वेळा हात माझाच होता.”

“मी सांगितलं म्हणून घातलंत.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलंस म्हणून.” आणि शेतांकडे बघत बसल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडले. ह्यांनी मला समजावलं नाही, याबद्दल मी त्यांची आजवर ऋणी आहे. फक्त टाक आणि दौत आणून पुढे ठेवली. मी खालापूरला पत्र लिहिलं. परक्या पुरुषाला मी लिहिलेलं ते पहिलं पत्र, बाळबोध अक्षरात, खाडाखोड करत. मीठ काकूंनी योग्य वेळी, योग्य तेवढं घातलं होतं, मी नुसती वाटी बघून नाही म्हटलं, आणि मग सगळ्यांपुढे गप्प बसले, असं सगळं लिहिलं. आठ दिवसांनी ह्यांच्या नावे उत्तर आलं. खरं कळवलंत हे फार चांगलं केलंत, घरात सर्वांना सांगितलं आहे, पुढल्या वर्षी स्वयंपाक काकूंनीच करावा, अशी सर्वांची इच्छा आहे.

मी ते पत्र नाचवत आत्याबाईंकडे गेले. त्या ओसरीवर ताक घुसळत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोरी हातातच धरून ठेवली.

“बरं केलंस लिहिलंस ते,” म्हणाल्या. “पण मी नाही करणार आता.”

“अहो, पण त्यांनीच तर—”

“त्यांनी ठरवलं म्हणून मी थांबले नाही गं. मीठ घातलेलं मला ठाऊक होतं. खडे मुठीतून सुटलेले हाताला कळतात. तरी तू नाही म्हणालीस आणि मी पुन्हा घातलं. दहा वर्षांपूर्वी तू तसं म्हणाली असतीस, तर मी तुला बाहेर घालवलं असतं.”

“म्हणजे चुकलं माझंच ना.”

“तुझं चुकलंच. पण मी तुला विचारलंच कशाला? जिला विचारावं लागतं त्या बाईने श्राद्धाचं रांधू नये.”

त्या पुन्हा ताक घुसळायला लागल्या. मी पत्र हातात घेऊन तिथेच उभी राहिले. खालापूरकरांनी काढून घेतलेली गोष्ट मी परत मिळवून आणली होती, पण ती घ्यायला त्यांचा हात पुढे येत नव्हता, आणि तो हात मागे मीच ओढला होता. आता माझ्या हातूनही गोष्टी निसटतात, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधते. मुली विचारतात, आई, दूध तापवलंस का? मी ठासून सांगते, तापवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप बघून येते. खालापूरला आमटीपाशी आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं होतं ते बघणं मला आता कळतं.

त्यानंतर घरचा स्वयंपाकही हळूहळू माझ्याकडे आला. चाखायचं नाही हा नियम त्यांनी सोडला नव्हता, त्यामुळे माझ्या हाताला मीठ बसेपर्यंत घरात बरेच प्रयोग झाले. हे तेवढे दिवस श्राद्धाच्या ब्राह्मणासारखे मुकाट जेवले. मी तृप्त झालात का विचारलं की हात जोडायचे.

पुढल्या मार्गशीर्षात तिथी जवळ आली तरी आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. उडीद निवडायला घेतले नाहीत. जाणार ना, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, “जाऊन काय करू? पाहुण्यासारखी पाटावर बसू?” न जाण्याचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. आदल्या दिवशी सकाळी पुतणे स्वतः गाडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “काकू, स्वयंपाक कुणी का करेना. त्या घरात काकांचं म्हणण्याजोगं माणूस तुम्हीच. चला.” त्या आत गेल्या आणि सोवळ्याची धाबळी घेऊन बाहेर आल्या. मीही बरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी नको म्हटलं नाही.

स्वयंपाकघर त्या वर्षी पुतण्याच्या बायकोकडे होतं. आत्याबाईंना माजघराच्या उंबऱ्याशी पाट दिला. त्यांना हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. एकदा अलवणाचं टोक पिळलं, एकदा जमिनीवरचा दाणा उचलला. मधूनच आतून फोडणीचा आवाज आला की मान तिकडे वळे. मी शेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, उगीच आणलं यांना.

बाहेर विधी चालू झाला. गुरुजी सांगत होते आणि पुतणे मोठ्याने म्हणत होते. पाणी सोडताना गोत्र आलं आणि गोत्रापाठोपाठ नाव आलं. आत्याबाईंच्या यजमानांचं नाव. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरी ते कधी कुणी उच्चारलं नव्हतं, सगळे ‘खालापूरचे’ म्हणत. मी ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते आयुष्यात कधी घेतलं नाही, मी कोण घेणारी.

आत्याबाईंची बोटं थांबली. पुतण्यांनी दुसऱ्यांदा पाणी सोडलं, पुन्हा नाव आलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी डोक्यावरचं अलवण कपाळापर्यंत पुढे ओढून घेतलं, नव्या नवरीने मोठ्यांपुढे ओढावं तसं, आणि मान खाली घातली.

“दर वर्षी घेतात का गं असं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“दर वर्षी,” मी म्हटलं. “घ्यावंच लागतं.”

“मी आत असायची. आत पाट्यावर वाटण चालू असायचं, चूल पेटलेली. कधी ऐकूच आलं नाही.” त्यांनी अलवण सावरलं. “ते गेल्यावर माझ्यासमोर कुणी घेतलं नाही. पन्नास वर्षं होऊन गेली.”

मी त्यांच्या पाटाला हात लावून बसले, सोवळं की ओवळं याचं भान न ठेवता, आणि त्यांनीही हात काढ म्हटलं नाही.

“नाव चांगलं होतं गं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं ऐकू यावं म्हणून पाट जरा उंबऱ्याकडे सरकवून बसल्या.